फाइलींच्या हद्दी आणि जीसीसी : एका सी कंपायलरचे परीक्षण

कंपायलरचे, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचे, परीक्षण करायचे म्हटले की त्याने बनवलेला प्रोग्रॅम किती वेगाने धावतो, यावरच सहसा सगळी शाई खर्च होते. या लेखात मी वेगाकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही. सी भाषेतला, चाळीसेक फाइलींत पसरलेला एक प्रोग्रॅम मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे, आणि त्या कामात रोज पडणारे प्रश्न असे असतात की, अमुक एक फंक्शन कोणकोणत्या फाइलींना दिसते, ते त्यांना दिसायला हवे होते का, आणि आज मी ते बदलले तर उद्या कोणती फाइल मोडेल. एवढ्याच कसोटीवर मी जीसीसी हा कंपायलर, त्याच्या जोडीने वापरला जाणारा, वेगवेगळ्या फाइलींतून तयार झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारा लिंकर आणि त्या तुकड्यांतली नावे दाखवणारे एनएम हे छोटेसे साधन तपासले आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : हद्द आखण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे सामान जीसीसीकडे आहे, मात्र त्यातले सर्वांत उपयोगी सामान तो मागितल्याशिवाय बाहेर काढत नाही.

दोष निम्मा भाषेचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. सीचा कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो. तिच्यात घेतलेल्या सगळ्या हेडर फाइली (इतर फाइलींना सामाईक लागणारी माहिती ठेवलेल्या फाइली) ओतून झाल्यावर जो एकसंध मजकूर तयार होतो, त्याला ट्रान्सलेशन युनिट म्हणतात, आणि त्या मजकुरापलीकडे काय चालले आहे याची कंपायलरला गंधवार्ताही नसते. फाइलीत लिहिलेले कोणतेही फंक्शन, त्याच्यापुढे काहीही न लिहिल्यास, सगळ्या प्रोग्रॅमला खुले असते. ते फाइलीपुरते ठेवायचे असेल तर स्टॅटिक हा शब्द आठवणीने लिहावा लागतो. म्हणजे झाकायला कष्ट आणि उघडे टाकायला काहीच नको. हा नियम नेमका उलटा हवा होता असे माझे मत आहे, पण 1989 मध्ये सीचे पहिले प्रमाण ठरले तेव्हा इतका कोड आधीच लिहून झालेला होता की तो उलटवण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

त्यात स्टॅटिक या शब्दावर भाषेने फार ओझे टाकले आहे. फंक्शनाच्या आत एखाद्या व्हेरिएबलपुढे तो लिहिला तर ते व्हेरिएबल फंक्शन संपल्यावरही आपली किंमत राखून ठेवते. फंक्शनाबाहेर लिहिला तर नाव फाइलीपुरते मर्यादित होते. आणि 1999 च्या प्रमाणाने त्याला ॲरेच्या पॅरामीटरमध्ये, किमान इतके घटक असतील अशी हमी देण्याचे तिसरेच काम लावले. नवशिक्या माणूस फाइलीच्या पातळीवरच्या स्टॅटिकचा संबंध ‘स्थिर’ या अर्थाशी लावू पाहतो आणि तो लागत नाही, यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

या रचनेचा खरा धोका एका लहान उदाहरणात दाखवता येतो. समजा, सेन्सर डॉट सी या फाइलीत तापमान नावाचे फंक्शन आहे आणि ते डबल या प्रकारची (दशांश) किंमत परत करते. (नाव देवनागरीत ठेवायलाही हरकत नाही, जीसीसी 10 पासून यूटीएफ-8 मधली अक्षरे नावांत थेट लिहिता येतात.) मेन डॉट सी लिहिणाऱ्याला हेडर फाइल शोधण्याचा कंटाळा आला, म्हणून त्याने फाइलीच्या माथ्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून टाकली की, तापमान हे इंट (पूर्णांक) परत करणारे फंक्शन आहे. कंपायलरने सेन्सर डॉट सी पाहिली, तक्रार केली नाही. मग मेन डॉट सी पाहिली, तिथेही तक्रार केली नाही, कारण प्रत्येक फाइल स्वतःपुरती निर्दोष आहे. लिंकरला नावे कळतात, प्रकार कळत नाहीत. त्याने दोन्हीकडचे तापमान हे नाव जुळवले आणि प्रोग्रॅम तयार करून दिला.

पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. एक्स86 घराण्यातल्या 64 बिटी प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, डबल प्रकारचे उत्तर एक्सएमएम-शून्य या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातून) परत येते, आणि इंट प्रकारचे उत्तर ईएएक्स या रजिस्टरमधून वाचले जाते. तापमान फंक्शनाने आपले उत्तर एका खुंटीला टांगले आणि मेनने हात घातला तो दुसऱ्याच खुंटीला, जिथे आधीच्या कोणत्या तरी हिशेबातला उरलासुरला आकडा लोंबकळत असतो. तो आकडा लाखांत असेल तर चूक निदान पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते. पण योगायोगाने तो 27 निघाला, तर ती महिनाभर लपून राहू शकते.

यावरचा उपाय फुकट आहे आणि तरीही पाळला जात नाही. घोषणा (फंक्शनाचे नाव आणि प्रकार सांगणारी ओळ) एकाच ठिकाणी, म्हणजे सेन्सर डॉट एच या हेडर फाइलीत लिहायची, ती मेन डॉट सी मध्ये घ्यायची, आणि ती खुद्द सेन्सर डॉट सी मध्येही घ्यायची. यातले शेवटचे कलम लोक विसरतात, कारण त्याशिवायही सगळे चालते. पण तेच खरे राखणदार आहे : घोषणा आणि व्याख्या (फंक्शनाचा प्रत्यक्ष कोड) एकाच मजकुरात समोरासमोर आल्या की प्रकारातला फरक कंपायलरला दिसतो आणि ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ अशी एरर देऊन तो काम थांबवतो.

आता, कंपायलरच्या ज्या एका इशाऱ्यासाठी (वॉर्निंगसाठी) मी हे परीक्षण लिहायला घेतले त्याकडे वळतो. त्याचे नाव मिसिंग-प्रोटोटाइप्स. ज्या खुल्या फंक्शनाची घोषणा त्याच्या व्याख्येआधी दिसलेली नाही, अशा प्रत्येक फंक्शनावर तो बोट ठेवतो. स्टॅटिक फंक्शनांना आणि मेनला तो वगळतो. वाचायला हा नियम कोरडा वाटतो, पण व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की, हे फंक्शन इतरांसाठी आहे की या फाइलीपुरते, हे प्रत्येक फंक्शनाबद्दल तुम्हाला ठरवावेच लागते. इतरांसाठी असेल तर त्याची घोषणा हेडर फाइलीत जाते आणि ती हेडर फाइल त्याच्या स्वतःच्या सी फाइलीत घ्यावी लागते, म्हणजे वर सांगितलेले राखणदार आपोआप उभे राहते. फाइलीपुरते असेल तर त्याच्यापुढे स्टॅटिक लागते.

इतक्या उपयोगी इशाऱ्याला जीसीसीने मागच्या खोलीत ठेवले आहे. अनेक इशारे एकदम चालू करणाऱ्या डब्ल्यू-ऑल या पर्यायाच्या नावाचा अर्थ ‘सगळे’ असा होत असला तरी त्यात हा इशारा नाही, आणि डब्ल्यू-एक्स्ट्रामध्येही तो नाही. त्याचे नाव घेऊन तो वेगळा मागावा लागतो. परिणामी, डब्ल्यू-ऑल लावून एकही इशारा न येणारा प्रोग्रॅम स्वच्छ आहे अशा समजुतीत लोक वर्षानुवर्षे राहतात. मीही राहिलो होतो. लिनक्स कर्नलसारख्या शिस्तीच्या प्रकल्पातही हा इशारा सगळ्या कोडसाठी सरसकट चालू झाला तो 2024 मध्ये आलेल्या 6.8 या आवृत्तीपासून.

माझ्या प्रोग्रॅमवर तो पहिल्यांदा लावला तेव्हा शंभरावर इशाऱ्यांनी पडदा भरून गेला. त्यांतली बहुसंख्य फंक्शने फाइलीपुरतीच होती आणि केवळ आळसाने उघडी राहिली होती. ती एकेक करून स्टॅटिक केल्यावर जे घडले त्याची मला अपेक्षा नव्हती : डब्ल्यू-ऑलमध्ये पहिल्यापासून असलेला, पण आजवर मुका राहिलेला अनयूज्ड-फंक्शन हा इशारा बोलू लागला. याचे कारण सरळ आहे. फंक्शन खुले असेल तर दुसऱ्या एखाद्या फाइलीत कोणी तरी ते वापरत असेल, असे कंपायलरला गृहीत धरावे लागते. ते स्टॅटिक झाले की त्याचा वापर याच मजकुरात व्हायला हवा हे त्याला ठाऊक होते, आणि तो होत नसेल तर तो तसे सांगू शकतो. जुन्या नोंदी वाचणारे एक फंक्शन अशा रीतीने सापडले, ज्याला हाक मारणारी शेवटची ओळ कधीच काढून टाकलेली होती. ते पुसले तर त्याच्याकडूनच वापरले जाणारे दुसरे उघडे पडले, आणि ते पुसल्यावर तिसरे. अख्खी साखळी निघाली.

याची पडताळणी एनएम या साधनाने करता येते, आणि तशी ती करावी असे मी आग्रहाने सांगेन. कंपाइल झालेली ऑब्जेक्ट फाइल त्याच्यासमोर ठेवली की प्रत्येक नावापुढे तो एक अक्षर छापतो : कॅपिटल टी म्हणजे खुले फंक्शन, स्मॉल टी म्हणजे फाइलीपुरते फंक्शन, कॅपिटल यू म्हणजे बाहेरून अपेक्षित असलेले नाव, व्हेरिएबलांसाठी डी आणि बी ही अक्षरे त्याच पद्धतीने मोठी किंवा लहान येतात. एखाद्या फाइलीतले कॅपिटल टी मोजले आणि तिच्या हेडर फाइलीतल्या घोषणा मोजल्या, तर दोन्ही आकडे जुळायला हवेत. माझ्या ‘नोंदवही’ या फाइलीत साफसफाईआधी एकोणीस कॅपिटल टी होते आणि हेडर फाइलीत फक्त पाच घोषणा होत्या. म्हणजे चौदा दारे उघडी होती आणि त्यांतले एकही दार कोणाला दाखवलेले नव्हते.

ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरने कोड स्वतःहून वेगवान करण्याची सोय, चालू करून हीच यादी पाहिली तर आणखी एक गंमत दिसते. काही स्टॅटिक फंक्शने यादीतून नाहीशीच होतात, कारण एकाच ठिकाणाहून हाक जाणारे स्टॅटिक फंक्शन जीसीसी सरळ त्या ठिकाणी मिसळून टाकतो. तर काहींच्या नावाला कॉन्स्टप्रॉप किंवा आयएसआरए अशी शेपटी फुटते. पहिली शेपटी सांगते की ठरावीक किंमत गृहीत धरून फंक्शनाची खास प्रत काढली आहे, आणि दुसरी सांगते की त्याच्या पॅरामीटरांची ठेवण कंपायलरने बदलली आहे. फंक्शन कोठून कोठून वापरले जाते याची पूर्ण यादी हाती असल्यामुळेच हे स्वातंत्र्य त्याला मिळते. तोटा इतकाच की चुका शोधण्याच्या डिबगर या साधनात बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनाने कोणाला हाक मारली याची यादी) वाचताना ओळखीची नावे गायब असतात, आणि ज्याला याची सवय नाही तो अर्धा तास चुकीच्या ठिकाणी घालवतो.

या इशाऱ्याची मर्यादाही सांगायला हवी. घोषणा हेडर फाइलीतूनच आली पाहिजे असे तो पाहत नाही. व्याख्येच्या वरच्याच ओळीवर तीच घोषणा हाताने लिहिली तरी तो समाधान पावतो, आणि इशारा गप्प करण्यासाठी नेमके हेच करणारे लोक मी पाहिले आहेत. शिवाय त्याची भाषा तुटक आहे. ‘नो प्रीव्हियस प्रोटोटाइप’ एवढेच सांगून तो थांबतो. क्लँग हा स्पर्धक कंपायलर याच ठिकाणी, हे फंक्शन या फाइलीबाहेर वापरायचे नसेल तर त्याला स्टॅटिक करा, अशी स्पष्ट सूचना देतो आणि तो शब्द कोठे घालायचा तेही दाखवतो. नव्याने शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे आणि इथे गुण क्लँगलाच द्यावे लागतील.

व्हेरिएबलांच्या बाबतीत जीसीसीचा इतिहास फंक्शनांहून ढिला आहे. किंमत न देता लिहिलेले ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत एकाच नावाने आले, तर जुना जीसीसी त्या दोन्ही नोंदी ‘कॉमन’ म्हणून लिंकरकडे पाठवत असे, आणि लिंकर त्यांचे मुकाट्याने एकच व्हेरिएबल करत असे. प्रमाणाने याला केवळ एक प्रचलित विस्तार म्हणून नोंदवले आहे, नियम म्हणून नव्हे. माझ्याच कोडमध्ये दोन फाइलींत ‘स्थिती’ नावाचे इंट होते. एकात जोडणीचे किती प्रयत्न झाले ते मोजले जात होते आणि दुसऱ्यात प्रोग्रॅम कोणत्या अवस्थेत आहे ते ठेवले जात होते. दोघांनाही मी स्टॅटिक लावायला विसरलो होतो. तिसरा प्रयत्न फसला की प्रोग्रॅम अचानक तिसऱ्या अवस्थेत उडी मारायचा, आणि त्या उडीचे कारण मी दोन दिवस नेटवर्कच्या कोडमध्ये शोधत होतो. 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 ने नो-कॉमन हा पर्याय मूळ वर्तन म्हणून स्वीकारला, तेव्हापासून अशा दुहेरी व्याख्येवर लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडून बसतो आणि पहिली व्याख्या कोठे आहे तेही सांगतो. अनेक जुने प्रकल्प या बदलाने एका दिवसात मोडले, त्यावर कुरकुरही झाली. पण मोडले ते मुळातच चुकीचे होते. त्यात बहुतेकदा एकच दोष असे, तो म्हणजे हेडर फाइलीत एक्स्टर्न (व्याख्या दुसरीकडे आहे, असे सांगणारा शब्द) न लिहिता केलेली व्हेरिएबलची नोंद, जिच्यामुळे ती हेडर घेणारी प्रत्येक फाइल स्वतःची व्याख्या करून बसत असे.

खुल्या व्हेरिएबलांसाठी मिसिंग-प्रोटोटाइप्सचे भावंड शोभेल असा मिसिंग-व्हेरिएबल-डिक्लेरेशन्स हा इशारा जीसीसीमध्ये 14 व्या आवृत्तीत, म्हणजे 2024 मध्ये आला. क्लँगमध्ये तो त्याच्या पुष्कळ आधीपासून होता. उशिरा आला तरी तो चांगला आहे, आणि त्यालाही नाव घेऊनच बोलवावे लागते.

त्याच 14 व्या आवृत्तीने आणखी एक जुनी पळवाट बुजवली. घोषणाच नसलेल्या फंक्शनाला हाक मारली तर ते इंट परत करत असेल असे समजून चालण्याची सवलत भाषेने 1999 मध्येच काढून घेतली होती, पण जीसीसी इतकी वर्षे केवळ इशारा देऊन पुढे जात असे. आता तो एरर देतो. 15 व्या आवृत्तीने सी23 हे प्रमाण मूळ धरले आहे, त्यामुळे रिकाम्या कंसाचा अर्थ ‘पॅरामीटरांबद्दल काही सांगितलेले नाही’ असा न राहता ‘पॅरामीटर नाहीत’ असा झाला आहे. या दोन बदलांमुळे हेडर न घेता काम भागवण्याची जुनी सवय आता आपोआप महाग पडते.

हेडर फाइलीत फंक्शनाचा देहच लिहायचा असेल, तर मात्र जपून राहावे लागते. 1999 च्या प्रमाणानुसार नुसते इनलाइन (हाक मारलेल्या जागीच कोड मिसळा, असे सुचवणारा शब्द) लिहिलेल्या व्याख्येतून बाहेरच्या जगासाठी कोड तयार होत नाही. ती केवळ मिसळण्यासाठी दिलेली प्रत असते. ऑप्टिमायझेशन बंद करून कंपाइल केले की मिसळणे थांबते, आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून हात वर करतो. जीसीसीचा स्वतःचा जुना अर्थ यापेक्षा वेगळा होता, आणि 2015 मधल्या 5 व्या आवृत्तीने मूळ प्रमाण सी11 केले तेव्हा तो अर्थ बदलला. त्यामुळे काल चालणारा कोड आज का अडतो, याचे उत्तर पुष्कळांना मिळत नव्हते. स्टॅटिक इनलाइन लिहिणे हा यातला बिनधोक मार्ग आहे. प्रत्येक फाइलीत एकेक प्रत पडण्याची शक्यता असते, पण फंक्शन तीन-चार ओळींचे असेल तर ती किंमत कोणी मोजू नये.

आता ज्या ठिकाणी जीसीसी मला अपुरा वाटतो, त्या मधल्या पायरीविषयी. सीमध्ये दोनच पातळ्या आहेत : एक फाइल, नाही तर अख्खा प्रोग्रॅम. पण लायब्ररी लिहिणाऱ्याला तिसरी पातळी हवी असते, म्हणजे लायब्ररीच्या दहा फाइलींनी आपसांत वापरायची, पण ग्राहकाला न दिसणारी फंक्शने. यासाठी जीसीसीने 4.0 या 2005 च्या आवृत्तीपासून व्हिजिबिलिटी-हिडन हा पर्याय दिला आहे : मुळात सगळी फंक्शने शेअर्ड लायब्ररीच्या (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या) आत झाकलेली राहतात आणि जी ग्राहकाला द्यायची आहेत तेवढ्यांवरच खूण करून ती उघडी ठेवायची. भाषेने उलटा ठेवलेला नियम इथे निदान लायब्ररीच्या सीमेवर तरी सुलटा होतो, म्हणून हा पर्याय मला मनापासून आवडतो.

तो न वापरल्यास काय होते याचा अनुभव मी घेतलेला आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये चेकसम नावाचे एक घरगुती फंक्शन खुले राहिले होते. आम्ही वापरत असलेल्या एका शेअर्ड लायब्ररीतही, जिचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, त्याच नावाचे अंतर्गत फंक्शन झाकायचे राहून गेले होते. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीचे खुले नाव आणि मुख्य प्रोग्रॅमचे खुले नाव एकच निघाले तर मुख्य प्रोग्रॅमला मान मिळतो, त्यामुळे ती लायब्ररी स्वतःच्या पोटातले काम करताना माझ्या चेकसमला हाक मारू लागली आणि धडधडीत चांगल्या फाइली खराब म्हणून परत पाठवू लागली. ना कंपायलरने इशारा दिला, ना लिंकरने. दुरुस्ती म्हणून मी एक शब्द लिहिला : स्टॅटिक. चूक दोन्ही बाजूंची होती, पण माझ्या बाजूची चूक मिसिंग-प्रोटोटाइप्सने पहिल्याच दिवशी दाखवली असती.

हिडनची मर्यादा अशी की, तो शेअर्ड लायब्ररीच्या किंवा तयार प्रोग्रॅमच्या सीमेवरच काम करतो. त्याच फाइली स्टॅटिक लायब्ररी म्हणून, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींची मोळी बांधून दिल्या, तर झाकलेली नावेही ग्राहकाच्या नावांशी टक्कर घेऊ शकतात. सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आधी लिंकरने एकत्र करून, मग ऑब्जकॉपी या ऑब्जेक्ट फाइलींत फेरफार करणाऱ्या साधनाच्या लोकलाइझ-हिडन या पर्यायाने ती नावे स्थानिक करून घेण्याची वाट आहे, आणि ती चालते. पण रोजच्या बिल्डमध्ये एवढा द्राविडी प्राणायाम कोण करतो? म्हणून बहुतेक जण जुन्या सवयीप्रमाणे नावापुढे लायब्ररीचे उपनाव लावतात. आज ते परवडते, कारण 1999 च्या प्रमाणापासून बाहेर दिसणाऱ्या नावांची निदान पहिली 31 अक्षरे लक्षात घेण्याची हमी आहे. 1989 च्या प्रमाणात ही हमी फक्त 6 अक्षरांची होती, आणि तीही लहान-मोठ्या अक्षरांतला भेद न मानता. स्ट्रसीपीवाय आणि मेमसेट यांसारखी आखूड नावे कोठून आली याचा काहीसा उलगडा त्यात होतो.

दुसऱ्या टोकाला जाऊन सगळेच एका फाइलीत घालण्याचा मार्गही आहे, आणि तो कोणी ऐऱ्यागैऱ्याने चोखाळलेला नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते शंभराहून अधिक फाइलींत काम करतात, पण वापरणाऱ्याला त्या सगळ्यांची एकच भली मोठी सी फाइल बनवून देतात. तिच्यात अंतर्गत फंक्शनांपुढे एसक्यूलाइट-प्रायव्हेट असा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ठरलेल्या मजकुराने बदलला जाणारा शब्द) असतो, आणि एकत्रित फाइलीत त्याचा अर्थ स्टॅटिक असा होतो. म्हणजे वर म्हटलेली मधली पातळी त्यांनी कंपायलरच्या मदतीशिवाय मिळवली. शिवाय, सगळे एका मजकुरात आल्यामुळे प्रोग्रॅम 5 ते 10 टक्के वेगवान होतो असे तेच सांगतात. आपल्या घरच्या प्रकल्पात हे करून पाहताना एक अडचण हमखास येते : आजवर वेगवेगळ्या फाइलींत सुखाने नांदणारी एकाच नावाची दोन स्टॅटिक फंक्शने एका मजकुरात येताच भांडू लागतात. आणि एक ओळ बदलली तरी सगळे पुन्हा कंपाइल करावे लागते.

मला त्याऐवजी लिंकच्या वेळचे ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, जास्त पसंत आहे. तेही वेगासाठी नव्हे. तो पर्याय चालू असला की जीसीसीला सगळ्या फाइलींतल्या घोषणा एकत्र दिसतात, आणि त्यांचे प्रकार जुळत नसतील तर एलटीओ-टाइप-मिसमॅच हा इशारा तो न मागताच देतो. वरचे तापमानाचे उदाहरण, ज्याच्यापुढे कंपायलर आणि लिंकर दोघेही आंधळे होते, ते इथे पकडले जाते. बिल्डला वेळ लागतो, म्हणून मी ते रात्रीच्या बिल्डपुरते ठेवले आहे.

फंक्शने स्टॅटिक केली की त्यांची चाचणी कशी घ्यायची, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच खोटा नाही. काही जण स्टॅटिकच्या जागी मॅक्रो लिहून चाचणीच्या वेळी तो रिकामा करतात. मला ते आवडत नाही, कारण ज्या कोडची चाचणी झाली तो आणि जो ग्राहकाकडे गेला तो, हे दोन वेगळे होतात. चाचणीच्या फाइलीत मूळ सी फाइलच इन्क्लूड करणे दिसायला ओबडधोबड असले तरी त्यात मूळ फाइलीला हात लागत नाही, म्हणून मी तेच करतो.

जुन्या प्रोग्रॅमवर हे सगळे एका दिवशी लादू नये. मिसिंग-प्रोटोटाइप्स आधी नुसता इशारा म्हणून लावावा, एकेक फाइल स्वच्छ करावी, आणि स्वच्छ झालेल्या फाइलींपुरता तो एरर करावा. जीसीसीमध्ये एकाच इशाऱ्याला एरर करण्याची सोय आहे, हे त्याचे मोठेच उपकार आहेत. माझ्याकडे शेवटी तीन फंक्शने उरली. त्यांची घोषणा कोणत्याही हेडर फाइलीत नव्हती, त्यांना सी मधून कोणी हाक मारत नव्हते, आणि स्टॅटिक केले की लिंकर अडत होता. ती असेम्ब्ली फाइलीतून, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिलेल्या फाइलीतून, वापरली जात होती. त्यांच्यासाठी मी एक वेगळी हेडर फाइल केली, तिच्या माथ्यावर त्या असेम्ब्ली फाइलीचे नाव लिहिले, आणि इशारा कायमचा एरर करून टाकला.